श्रीमंतांचा कर आणि आपण

(बोस्टन परिसरातल्या सभासदांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



टॅक्स हा विषय मराठी मंडळींच्या जेवणाच्या टेबलावर निघाला की पहिल्या पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "अजून किती भरायचा? तिसरा हिस्सा हातात यायच्या आधीच जातो. आणि म्हणे श्रीमंतांवर कर वाढवा!" दुसरा म्हणतो, "अहो, अब्जाधीश काहीच भरत नाहीत, तुम्ही कसला हिशोब सांगताय?" मग आवाज चढतात, कोणीतरी श्रीखंडाचं भांडं पुढे सरकवतं आणि विषय क्रिकेटवर जातो. मला वाटतं, हे दोघंही खरं बोलत असतात, पण दोन वेगळ्या माणसांबद्दल. पहिला बोलतो स्वतःच्या पगाराबद्दल, दुसरा बोलतो जेफ बेझोसच्या शेअर्सबद्दल. शब्द मात्र दोघांसाठी एकच, 'श्रीमंत'. आज मला या शब्दाची जरा फोड करायची आहे.

मी अर्थतज्ज्ञ नाही. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. पण गेली काही वर्षं फेब्रुवारी ते एप्रिल दर शनिवारी आयआरएसच्या 'व्हीटा' कार्यक्रमात कमी उत्पन्नाच्या लोकांची टॅक्स रिटर्न्स मोफत भरून देते. त्यासाठी दरवर्षी परीक्षा द्यावी लागते, ती मी निमूटपणे देते. त्या टेबलावर बसलं की करपद्धतीकडे खालून पाहता येतं. एरवी आपण सगळे तिच्याकडे मधूनच पाहत असतो.

तर तीन माणसं घेऊ. तिन्ही काल्पनिक, पण नियम २०२४ चे, खरे.

पहिली बाई नर्सिंग होममध्ये काम करते. एकटी राहते. वर्षाचा पगार ३८,००० डॉलर. स्टँडर्ड डिडक्शन वजा जाता तिचा फेडरल इन्कम टॅक्स येतो साधारण २,५७५ डॉलर. पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के पहिल्या डॉलरपासून कापले जातात, त्याचे झाले २,९०० च्या वर. म्हणजे तिचा सगळ्यात मोठा कर इन्कम टॅक्स नाहीच. त्यात मॅसॅच्युसेट्सचा सुमारे १,५८० मिळवा. एकूण ७,००० च्या थोडं वर, पगाराच्या साडेअठरा टक्के. दुकानात लागणारा सव्वासहा टक्के सेल्स टॅक्स यात धरलेलाच नाही.

दुसरं जोडपं तुमच्या-आमच्यासारखं. दोघांना प्रत्येकी १,६०,००० पगार, मिळून ३,२०,०००. हिशोब सोपा राहावा म्हणून ४०१(के) आणि घराचं व्याज सोडून देऊ. फेडरल इन्कम टॅक्स सुमारे ५६,०००, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर २५,०००, राज्याचा १५,०००. बेरीज ९६,००० च्या आसपास, म्हणजे ३० टक्के. तेव्हा जेवणाच्या टेबलावरचा पहिला माणूस खोटं बोलत नव्हता. तिसरा हिस्सा नाही, पण त्याच्या जवळपास जातो खरा. आपल्यातले जे एच-वन-बीवर दहा वर्षं भरण्याआधी परत जातात, त्यांनी भरलेली सोशल सिक्युरिटी बहुधा त्यांच्या हाती कधीच येत नाही, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात त्याबद्दलचा करार झालेला नाही. तो एक वेगळाच अन्याय आहे, त्यावर स्वतंत्र बैठक घ्यायला हवी.

तिसऱ्या माणसाकडे वीस वर्षांपूर्वी स्वतः काढलेल्या कंपनीचे शेअर्स आहेत. तेव्हा त्यांची किंमत जवळजवळ शून्य होती, आज ती २०० मिलियन डॉलर आहे. एकट्या गेल्या वर्षात ती २० मिलियननी वाढली. तो पगार घेत नाही, किंवा नावापुरता घेतो. कंपनी डिव्हिडंड देत नाही. त्याला घर, विमानप्रवास, मुलांच्या शाळा यांसाठी वर्षाला दोन मिलियन लागतात. तो शेअर्स विकत नाही. ते बँकेकडे तारण ठेवून कर्ज काढतो. कर्ज हे उत्पन्न नाही, त्यामुळे त्यावर कर नाही. शेअर्सची वाढ हेही उत्पन्न नाही, कारण ते विकलेच नाहीत. त्या वर्षीचा त्याचा इन्कम टॅक्स शून्य.

यात कुठलीही चोरी नाही, हे मुद्दाम सांगते. स्विस बँक नाही, खोटी बिलं नाहीत, सगळं कायद्याप्रमाणे.

पुढे तो माणूस वारतो. मुलीला शेअर्स मिळतात. कायदा म्हणतो, तिच्या दृष्टीने या शेअर्सची खरेदी किंमत म्हणजे वडील वारले त्या दिवशीचा भाव. याला स्टेप-अप म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिने सगळे विकले तरी नफा शून्य, कारण कालचा भाव आणि आजचा भाव सारखाच. वडिलांच्या हयातीत वाढलेल्या २०० मिलियनवर इन्कम टॅक्स ना वडिलांनी भरला, ना मुलीने. त्या पैशातून ती वडिलांचं कर्ज फेडून टाकते. इथले वकील या पद्धतीला तीन शब्दांत सांगतात: घ्या, कर्ज काढा, मरा.

"पण इस्टेट टॅक्स असतो ना?" हो, असतो. २०२६ पासून एका माणसाच्या १५ मिलियन डॉलरपर्यंत, म्हणजे नवराबायकोच्या मिळून ३० मिलियनपर्यंत, तो लागत नाही. वरच्या रकमेवर ४० टक्के आहे. पण इतक्या मोठ्या संपत्तीची माणसं त्या दिवसाची वाट पाहत बसत नाहीत. कित्येक वर्षं आधीच ट्रस्ट करून वाढती संपत्ती पुढच्या पिढीच्या नावावर सरकवलेली असते. मी त्या कराला अगदी नगण्य म्हणणार नाही, पण त्याच्याकडे बोट दाखवून विषय मिटतही नाही.

आता आकडेवारीकडे येऊ. २०२१ च्या जूनमध्ये प्रोपब्लिका या संस्थेने आयआरएसमधून फुटलेल्या कागदपत्रांवरून हिशोब छापला. देशातल्या सर्वांत श्रीमंत २५ जणांची संपत्ती २०१४ ते २०१८ या काळात ४०१ बिलियननी वाढली आणि त्यांनी त्या वर्षांचा फेडरल इन्कम टॅक्स भरला १३.६ बिलियन. वाढीच्या मानाने ३.४ टक्के. त्याच कागदांवरून कळलं की बेझोस यांनी २००७ आणि २०११ साली काहीच इन्कम टॅक्स भरला नव्हता, आणि २०११ मध्ये मुलांसाठी मिळणारी ४,००० डॉलरची सवलत मात्र घेतली होती. ही सवलत मी व्हीटाच्या टेबलावर दर शनिवारी भरते, त्यामुळे ती ओळ वाचून मला हसू आलं.

यावर आक्षेप निघाला की न विकलेल्या शेअर्सची वाढ धरून केलेला हिशोब दिशाभूल करणारा आहे. कागदावरचा नफा उद्या उडूनही जाईल. आक्षेप योग्य आहे. म्हणून २०२५ साली आलेला सेझ, झुकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास मला जास्त उपयोगी वाटतो. त्यांनी न विकलेल्या शेअर्सच्या वाढीऐवजी या लोकांच्या कंपन्यांनी कमावलेला नफा उत्पन्नात धरला, आणि त्या कंपन्यांनी भरलेला करही मालकांच्या खात्यावर जमा दाखवला. म्हणजे श्रीमंतांना जितकं झुकतं माप देता येईल तितकं दिलं. तरीही २०१८ ते २०२० या काळात सर्वांत श्रीमंत ४०० जणांचा एकूण कर निघाला २४ टक्के. सगळ्या जनतेची सरासरी ३० टक्के. आणि ज्यांचं उत्पन्न मुख्यतः मेहनतानाच आहे, पण सर्वांत वरच्या पातळीचा, म्हणजे मोठे सर्जन, मोठे वकील, वरिष्ठ अधिकारी, त्यांचा कर ४५ टक्के.

२४, ३० आणि ४५. माझ्या मते आजच्या चर्चेतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा शेवटचा. आपल्या समाजातले जे सर्जन आणि डायरेक्टर "आमच्यावर अन्याय होतो" म्हणतात, त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. फक्त त्यांचा राग खालच्या दिशेने जातो, नर्सिंग होममधल्या त्या बाईला मिळणाऱ्या चारदोन सवलतींवर. वरच्या ४०० जणांकडे तो वळतच नाही, कारण मनातल्या मनात आपण स्वतःला त्यांच्याच पंगतीत बसवलेलं असतं.

हे असं का झालं, याचं उत्तर शोधताना मला एक योगायोग सापडला. या देशात आजचा फेडरल इन्कम टॅक्स सुरू झाला १९१३ साली. १८९४ मध्ये काँग्रेसने ४,००० डॉलरवरच्या उत्पन्नावर २ टक्के कर लावला होता, तो पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने रद्द केला. मग सोळावी घटनादुरुस्ती व्हावी लागली. ती फेब्रुवारी १९१३ मध्ये मंजूर झाली आणि ऑक्टोबरमध्ये कायदा आला. सुरुवातीचा दर १ टक्का, आणि पाच लाख डॉलरच्या वर एकूण ७ टक्के. त्याच वर्षी जुलैमध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आला, भीमराव आंबेडकर. तिथले त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन हे करशास्त्रातले त्या काळचे मोठे नाव. चढत्या दराच्या करावर आणि इन्कम टॅक्सवर त्यांची जाडजूड पुस्तकं आहेत, आणि कोर्टाच्या निकालानंतर हा कर परत यावा म्हणून झालेल्या वादात ते उतरले होते. बाबासाहेबांच्या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या १९२५ च्या ग्रंथाला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे.

बाबासाहेब १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलले, ते भाषण त्यांच्या समग्र लेखनात वाचायला मिळतं. त्यांचा मुद्दा शेतसाऱ्याचा होता. इन्कम टॅक्स ऐपत पाहून लावतात; ज्याला त्या वर्षी उत्पन्न नाही त्याला तो लागत नाही. शेतसाऱ्याचं तसं नाही. पीक आलं काय, बुडालं काय, सारा भरायचाच. आणि एका एकराच्या शेतकऱ्याला जो दर, तोच जहागीरदाराला. ऐपतीप्रमाणे कर हे तत्त्व शहरातल्या पांढरपेशाला लागू आणि शेतकऱ्याला नाही, हे त्यांनी सभागृहात स्पष्ट मांडलं. तेव्हा हे तत्त्व आपल्याला अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडून उसनं घ्यायची गरज नाही.

पण योगायोगाचा पुढचा भाग जरा कडू आहे. १९१९ मध्ये सेलिग्मन यांनीच असा लेख लिहिला की भागधारकाला डिव्हिडंड म्हणून नुसते जादा शेअर्स मिळाले, तर ते उत्पन्न नव्हे. नफा भांडवलापासून सुटा होऊन हातात आला पाहिजे. १९२० साली सुप्रीम कोर्टाने मिसेस मॅकॉम्बर नावाच्या, स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाच्या भागधारक बाईंच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तोच निर्णय दिला. लगेच १९२१ मध्ये कोलंबियातच सेलिग्मन यांचे विद्यार्थी आणि सहकारी रॉबर्ट हेग यांनी उलट व्याख्या मांडली: दोन तारखांच्या दरम्यान माणसाची आर्थिक ताकद जेवढी वाढली, तेवढं त्याचं उत्पन्न. एका विभागात दोन व्याख्या. अर्थशास्त्राने हेग यांची उचलली, कायद्याने सेलिग्मन यांची. आपला तिसरा माणूस त्या दोन व्याख्यांच्या मधल्या फटीत राहतो, आणि तिथे त्याचं उत्तम चाललेलं आहे.

हा वाद शंभर वर्षांनी पुन्हा कोर्टात गेला, आणि गंमत म्हणजे बंगळूरमार्गे. वॉशिंग्टन राज्यातल्या मूर दांपत्याने बंगळूरच्या किसानक्राफ्ट या, छोट्या शेतकऱ्यांना अवजारं पुरवणाऱ्या कंपनीत ४०,००० डॉलर गुंतवले होते. कंपनीने नफा वाटला नाही, तो धंद्यातच घातला. २०१७ च्या कायद्याने परदेशी कंपन्यांतल्या अशा साठलेल्या नफ्यावर एकदाच कर लावला, त्यांना १४,७२९ डॉलरचं बिल आलं, आणि ते भांडत वरपर्यंत गेले. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी कर योग्य ठरवला, पण नफा हातात न येता कर लावता येतो का या मूळ प्रश्नाला बहुमताने हात लावला नाही. चार न्यायमूर्तींनी मात्र लिहून ठेवलं आहे की हातात आल्याशिवाय लावता येत नाही. उद्या कोणी संपत्ती कराचा कायदा केला तर तो कुठे जाऊन अडकेल, हे आताच दिसतं.

आता आपल्या लोकांच्या नेहमीच्या तीन हरकती.

पहिली, "वरचे एक टक्का लोक इन्कम टॅक्सचा ४० टक्के भरतात, अजून काय हवं?" आकडा बरोबर आहे. २०२२ च्या आयआरएस आकड्यांत तो ४० च्या थोडा वरच आहे, आणि त्या एक टक्क्याचं उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या साधारण २२ टक्के. पण हा फक्त फेडरल इन्कम टॅक्स. केंद्राच्या महसुलात तो सुमारे निम्मा. नर्सिंग होममधल्या बाईचा मोठा कर कुठला होता आठवा. तो या हिशोबात येतच नाही. शिवाय त्या एक टक्क्याची सुरुवात साडेसहा लाख डॉलर उत्पन्नापासून होते. त्यात आपला सर्जन आहे. तो भरतो, म्हणून सरासरी छान दिसते. तिसरा माणूस ज्या वर्षी उत्पन्न दाखवत नाही, त्या वर्षी तो या एक टक्क्यात मोजलाच जात नाही!

दुसरी हरकत, "आम्ही भारतात हे पाहिलंय." पाहिलंय खरं. १९७३-७४ साली सर्वोच्च दर अधिभारासकट ९७.७५ टक्के होता. त्यातून काय झालं? नोकरदाराचा कर पगारातून कापला गेला आणि बाकीच्यांनी वाटा शोधल्या. काळा पैसा वाढलाच, पण कायदेशीर वाटही होती. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा इन्कम टॅक्स तेव्हाही नव्हता, आजही नाही. गावाकडे चार एकर घेऊन सातबाऱ्यावर नाव चढवलं की किती उत्पन्न 'शेतीचं' होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. अमेरिकेतही आयझेनहॉवरच्या काळात सर्वोच्च दर ९१ टक्के होता, आणि तो प्रत्यक्ष भरणारे मोजकेच होते. म्हणून दर वाढवा या घोषणेने मला फारसा उत्साह येत नाही. दर ३७ चा ३९.६ केला तर सर्जन आणखी भरेल आणि तिसरा माणूस तेवढंच भरेल, म्हणजे काहीच नाही. सुक्याबरोबर ओलं जळतं असं आपण म्हणतो, इथे तर सुकं बाजूलाच राहून फक्त ओलं जळतं.

तिसरी, "जास्त मागितलं तर श्रीमंत निघून जातील." याचा जवळचा दाखला आपल्याच राज्यात आहे. मॅसॅच्युसेट्सच्या घटनेप्रमाणे सर्वांना एकच दर लावावा लागतो. तो बदलण्याचा प्रयत्न पाच वेळा मतदारांनी फेटाळला, सगळ्यात अलीकडे १९९४ मध्ये. आणि २०१८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रस्ताव मतपत्रिकेवरूनच काढून टाकला. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये साधारण ५२ विरुद्ध ४८ टक्के मतांनी घटनादुरुस्ती मंजूर झाली: एक मिलियनच्या वरच्या उत्पन्नावर आणखी ४ टक्के, आणि तो पैसा शिक्षण आणि वाहतुकीसाठी. त्या मोहिमेत आपल्यापैकी बऱ्याच घरांत काळजी होती की निवृत्तीच्या वेळी घर किंवा क्लिनिक विकलं तर एका वर्षापुरते आपणही 'मिलियनेअर' ठरू. क्लिनिकच्या बाबतीत ती काळजी अगदी निराधार नव्हती. घराच्या बाबतीत नवराबायकोला पाच लाखांपर्यंतचा नफा मुळात माफच असतो, आणि कर फक्त मिलियनच्या वरच्या भागावर आहे. ती मर्यादाही महागाईप्रमाणे वाढते. २०२५ साठी ती १०,८३,१५० डॉलर होती.

पैसे किती आले? २०२४ च्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यातला एक बिलियन डॉलर धरला होता, प्रत्यक्षात दोन बिलियनच्या वर आला. सार्वजनिक शाळांतल्या सगळ्या मुलांना दुपारचं जेवण मोफत झालं. २०२४ च्या शरद सत्रापासून कम्युनिटी कॉलेज मोफत झालं. आपल्या रेल्वेलाही मिळाले, पण रेड लाइन वेळेवर आली की मग टाळ्या वाजवू. काही कुटुंबं गेली, हे मी नाकारत नाही. फ्लोरिडा आणि न्यू हॅम्पशायर आहेतच. पण क्रिस्तोबल यंग आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली देशभरातली कर-विवरणपत्रं तपासून दाखवलं की मिलियनभर उत्पन्नाची माणसं वर्षाला २.४ टक्के या वेगाने राज्य बदलतात, आणि सर्वसाधारण जनता २.९ टक्के. ज्याचा धंदा, ओळखी आणि मुलांची शाळा एका गावात रुजली आहे, तो चार टक्क्यांसाठी सहसा बाडबिस्तरा उचलत नाही. बिस्तरा उचलणारे तर आपण, पंचविसाव्या वर्षी दोन बॅगा घेऊन आलेले!

मग माझं म्हणणं काय? दरवर्षी संपत्तीच्या टक्केवारीने कर लावावा, या बाजूची मी नाही. १९९० मध्ये विकसित देशांच्या ओईसीडी संघटनेतल्या १२ देशांत असा कर होता, २०१७ मध्ये चारच उरले. किमती ठरवणं कठीण, चित्रं आणि खाजगी कंपन्या कोण मोजणार, आणि वर तो कोर्टाचा प्रश्न. भारतानेही आपला संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात काढून टाकला, कारण गोळा करण्याचा खटाटोप मोठा आणि वसुली किरकोळ.

मला कॅनडाची पद्धत पटते. तिथे १९७२ पासून नियम आहे की माणूस वारला की त्याची गुंतवणूक त्या दिवशी विकली गेली असं धरायचं आणि वाढलेल्या किमतीवर त्याच्या शेवटच्या रिटर्नमध्ये कर घ्यायचा. जोडीदाराकडे गेली तर पुढे ढकलायचा, राहत्या घराला सूट. न विकता वाढलेल्या संपत्तीवर दरवर्षी भांडण नाही. हिशोब एकदाच, पण चुकत नाही. टोरोंटोतल्या आपल्या मराठी मंडळींना विचारा, याने तिथे कोणी उद्योग काढायचं थांबलेलं नाही. त्याच्या जोडीला मोठ्या रकमेची, शेअर्स तारण ठेवून काढलेली कर्जं उत्पन्नात धरावीत आणि फंड चालवणाऱ्यांच्या मेहनतान्याला भांडवली नफा म्हणण्याची सवलत बंद करावी. आणि आयआरएसला माणसं द्यावीत. २०२२ च्या कायद्याने त्या खात्याला दहा वर्षांसाठी सुमारे ८० बिलियन दिले होते, त्यातला मोठा भाग नंतर काढून घेतला गेला. गुंतागुंतीची रिटर्न्स तपासायला अनुभवी माणूस लागतो. माझ्या टेबलावरच्या बाईचं रिटर्न संगणकही तपासतो.

आता थोडं आपल्या घरात डोकावू, कारण इथे स्टार्टअपवाले बसलेले आहेत. छोट्या कंपनीचे मूळ शेअर्स पाच वर्षं ठेवले तर १० मिलियन डॉलरपर्यंतचा नफा पूर्ण करमुक्त होऊ शकतो. जुलै २०२५ नंतर दिलेल्या शेअर्ससाठी ती मर्यादा १५ मिलियन झाली आहे. कायदा आहे, लाभ घ्या, मी दोष देत नाही. पण १५ मिलियनवर शून्य आणि ३८,००० वर साडेअठरा टक्के, हे शेजारी शेजारी ठेवून मग "सरकार आमच्या कष्टाचं खातं" हे वाक्य म्हणून पाहा. कष्ट दोघांचेही आहेत. आणि आपल्यातल्या बहुतेकांच्या कष्टाला सुरुवातीला कोणाचा कर लागला होता? आयआयटी, सीओईपी, व्हीजेटीआय, ग्रँट मेडिकल. यातली फी आपण किती भरली, ते आठवतं का? तो पैसा अप्रत्यक्ष करातून, काडेपेटी आणि साबणावरच्या करातूनही आला होता. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणं मांडलं होतं, की महसूल रयतेच्या घामाचा आणि त्यातून शिकतात वरच्या जातींची मुलं. ते निवेदन इंग्रजीत आहे, दहा-बारा मिनिटांत वाचून होतं. वाचा एकदा.

माझी वेळ झाली. पाठीमागच्या टेबलावर मी एक कोरा तक्ता ठेवला आहे. घरी जाऊन आपल्या १०४० फॉर्मची २४ वी ओळ घ्या, त्यात डब्ल्यू-टूच्या चौथ्या आणि सहाव्या रकान्यातले आकडे मिळवा, राज्याचा कर मिळवा, आणि नवव्या ओळीतल्या एकूण उत्पन्नाने भागा. वॉरन बफेट यांनी २०१० सालचा आपला दर स्वतःच जाहीर केला होता: १७.४ टक्के, आणि त्यांच्या ऑफिसातल्या बाकीच्यांचा ३३ ते ४१. तुमचा किती येतो तो नाव न लिहिता तक्त्यावर लिहून पुढच्या बैठकीला आणा. विकलेले शेअर्स असतील तर त्यापुढे खूण करा, म्हणजे पगारवाले आणि शेअरवाले वेगळे दिसतील. आता प्रश्न विचारा, आणि श्रीखंड येण्याआधी विचारा.